सूज आणि चरबी

तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका लॅबचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आनंद झाला होता. टीएसएच 11.4. नॉर्मल म्हणजे साधारण साडेचार-पाचपर्यंत. दोन वर्षं वजनकाटा एकाच दिशेने चालला होता आणि आता त्याचं कारण सापडलं होतं. म्हणजे माझी काही चूक नव्हती! चार वाजताचा कॅन्टीनमधला समोसा नव्हता, ऐरोलीच्या एसीत दहा तास खुर्चीला चिकटून बसणं नव्हतं, रविवारची मिसळ तर नव्हतीच. गळ्यातली वीसेक ग्रॅमची एक ग्रंथी कामचुकारपणा करत होती, बस्स. बग सापडला, पॅच मारायचा, विषय संपला.

पॅच म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक चिमुकली गोळी. मी हिशोबही करून ठेवला होता. लग्नात 62, आता 78. म्हणजे सोळा किलो थायरॉईडच्या खात्यात. तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. टीएसएच 2.6, वजन 75. आमच्या डॉक्टरबाई खूश.

"छान. गोळीचं काम झालं."

मी म्हटलं, "आणि उरलेले तेरा किलो?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते तुझे गं."

त्या रात्री चिडून मी वाचायला बसले. बाईंना खोटं पाडायचं हा शुद्ध हेतू. त्यातून जे हाती लागलं ते पुढे लिहिते आहे. बाई खोट्या पडल्या नाहीत हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात 1873 सालच्या लंडनमध्ये होते. सर विल्यम गल नावाचे एक बडे डॉक्टर होते, राणी व्हिक्टोरियाच्या डॉक्टरांपैकी एक. त्यांनी तिथल्या क्लिनिकल सोसायटीपुढे पाच बायकांची हकीकत वाचली. चांगल्या धडधाकट बायका, पण मध्यम वयात हळूहळू बदलत गेलेल्या. चेहरा गोल आणि सुजलेला, जीभ जाड, बोलणं संथ, हालचाल जड, मनही मंदावलेलं. गल यांना या आजाराचं कारण माहीत नव्हतं. थायरॉईडला, म्हणजे शाळेत आपण पाठ केलेल्या अवटू ग्रंथीला, शरीरात काम तरी काय असतं हेच तेव्हा कोणाला धड ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे याच गलसाहेबांनी त्याच वर्षी दुसऱ्या एका आजाराला नाव दिलं: अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा. अन्न नाकारून स्वतःला वाळवत नेणाऱ्या मुलींचा आजार. बायकांच्या वजनाच्या दोन टोकांवरचे दोन निबंध, एकाच माणसाचे, एकाच वर्षातले.

पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या दुखण्याला 'मिक्सिडिमा' असं नाव दिलं. मिक्स म्हणजे शेंबडासारखा चिकट स्राव आणि इडिमा म्हणजे सूज. अशा एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांनी त्वचा तपासली तेव्हा तिच्यात असा चिकट पदार्थ भरलेला सापडला. म्हणजे बघा, 1878 मध्येच, पहिल्या फटक्यात, त्या माणसाने नेमकी गोष्ट ओळखली होती. या बायका फुगल्या होत्या, पण चरबीने नव्हे. त्वचेखाली पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ साचत होता. आज त्यातल्या मुख्य पदार्थाचं नाव आपल्याला माहीत आहे, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. हो, तेच, जे हल्ली चेहऱ्याच्या सीरमच्या बाटलीवर कौतुकाने लिहिलेलं असतं. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवायची त्याची ताकद आहे. बाटलीतून विकत घेतलं की चेहऱ्याला तुकतुकी, थायरॉईड थंडावल्यावर शरीराने फुकट दिलं की सूज.

गोळीने माझे जे तीन किलो गेले ते हे होते. साचलेलं पाणी आणि मीठ.

हे मी मनाने सांगत नाही. 2011 साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी मोजक्याच रुग्णांची, गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर, व्यवस्थित मोजणी केली. वजन सरासरी चारेक किलोंनी उतरलं होतं, पण चरबी जवळपास होती तेवढीच. उतरलं ते मुख्यतः पाणी. अमेरिकेतल्या थायरॉईडतज्ज्ञांची संघटनाही साधारण हेच सांगते: थायरॉईडमुळे वाढलेलं वजन बहुतेकांचं पाच ते दहा पौंड, म्हणजे दोन ते साडेचार किलो. आजार तीव्र असला तर थोडं जास्त. सोळा किलो वगैरे विसरा.

पण ऑर्डला 1878 मध्ये कळलेली गोष्ट आपल्याला अजून का कळत नाही? याचं उत्तर पुढच्या वीस वर्षांत आहे.

आधी स्वित्झर्लंड. तिथल्या डोंगरांत आयोडीनची वानवा, त्यामुळे गलगंडाचे रोगी भरपूर. बर्न शहरातल्या थिओडोर कोखर या शल्यविशारदाने गलगंडाची शस्त्रक्रिया इतकी सफाईदार केली की रुग्ण दगावण्याचं प्रमाण खूप घटलं. मग त्याने जुने रुग्ण पुन्हा बोलावून तपासले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती ते बहुतेक सगळे सुजलेले, मंद आणि निस्तेज झाले होते. 1883 मध्ये त्याने हे स्वतः जाहीर केलं आणि संपूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. आपल्याच सर्वोत्तम कामातला दोष असा चारचौघांत मांडायला धाडस लागतं. (आमच्याकडे प्रॉडक्शनवर गेलेल्या कोडबद्दल हे कोणी करत नाही.) 1909 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

एवढं झाल्यावर तर्क सरळ होता. ग्रंथी गेल्यामुळे आजार होत असेल तर ग्रंथीचा रस बाहेरून द्या. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या पंचविशीतल्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून 46 वर्षांच्या एका बाईला टोचला. बाई बोलू लागली, चालू लागली, सूज ओसरली. आणि पुढे ती 28 वर्षं जगली, 1919 पर्यंत. मरेने हिशोब ठेवला होता: तिला तेवढी वर्षं जगवायला 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. 1892 मध्ये कळलं की सुईसुद्धा नको, तोंडाने घेतलं तरी चालतं. एका डॉक्टरची कृती अशी: मेंढीची अर्धी थायरॉईड हलकी परतायची, बारीक चिरायची आणि बेदाण्यासारख्या आंबटगोड फळांच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायची. सकाळी चहा तासभर पुढे ढकलावा लागतो म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारखीने हे जरूर वाचावं.

इथेच घोटाळा झाला. रोगी बायकांचं वजन डोळ्यांदेखत उतरताना सगळ्यांनी बघितलं. मग जे रोगी नव्हते, नुसतेच जाड होते, त्यांनाही ही पूड द्यायला काय हरकत आहे? 1890 च्या दशकातच युरोपात थायरॉईडची पूड बारीक होण्याचं औषध म्हणून चालू झाली. सुजेचं औषध चरबीवर लावलं गेलं. आणि त्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखंही वाटलं, कारण 1895 मध्ये बर्लिनमध्ये अडॉल्फ माग्नुस-लेव्ही याने रोग्यांचा श्वास मोजून दाखवलं की थायरॉईड दिली की शरीर जास्त प्राणवायू जाळतं आणि थायरॉईड नसली की कमी. ही जी 'मेटाबॉलिझम स्लो आहे' अशी कॅसेट आपण सगळे वाजवतो ना, ती इथून आलेली आहे. पुढे जवळजवळ अर्धं शतक थायरॉईडची तपासणी म्हणजे रक्त नव्हे, तर उपाशीपोटी पडून राहायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा.

माग्नुस-लेव्हीचं चुकलं काहीच नव्हतं. तीव्र आजारात हा जळण्याचा वेग खरंच 30-40 टक्क्यांनी खाली येतो. पण त्याबरोबर भूकही मंदावते. आणि माझ्यासारख्या 11 टीएसएचवाल्यांचा वेग इतका काही पडलेला नसतो. उलट बाजूने बघितलं तर नॉर्मल माणसाला जास्तीची थायरॉईड दिली की वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात आणि हृदय बेताल धावायला लागतं. अमेरिकेत 1940 पासून साठच्या दशकापर्यंत 'इंद्रधनुषी गोळ्या' नावाचा एक धंदा जोरात होता. रंगीबेरंगी गोळ्यांच्या पुड्या: थायरॉईड, भूक मारायला अ‍ॅम्फेटामिन, पाणी काढायला लघवीचं औषध, वर हृदयाचं डिजिटॅलिस. माणसं दगावली, 1968 मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या तेव्हा तो धंदा बसला. आजही तिथे या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापावा लागतो की ही वजन कमी करण्यासाठी वापरू नये.

हे सगळं मी वाचलं होतं. तरीही मावसबहिणीच्या लग्नाआधी पाच आठवडे मी रोज एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. कोणाला न सांगता. शाळेत नापास झाल्यासारखं वाटतंय हे लिहिताना, पण लिहिते. पहिल्या पंधरा दिवसांत काहीच झालं नाही. थायरॉक्झिन शरीरात आठवडाभर निम्मं उरतं, त्यामुळे परिणाम हळूहळू चढत जातो. मग झोप उडाली, हात थरथरायला लागले. एका सकाळी डोंबिवली स्टेशनचा जिना चढून पुलावर आले आणि छाती अशी धडधडायला लागली की मी कठड्याला धरून उभी राहिले. समोरून फास्ट गेली, मागून सेमी फास्ट गेली, मी तिथेच. टीएसएच 0.05 निघाला. ईसीजी सुदैवाने ठीक होता. बाई ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "काय गं हे." दोन किलो उतरले होते, ते गोळी कमी केल्यावर महिन्याभरात परत आले. लग्नातल्या फोटोत मी बारीक दिसत नाही, घाबरलेली दिसते.

आता थोडं आपल्या भागाकडे. कारण थायरॉईडचं निदान इतकं सोपं होण्यात ठाण्याच्या खाडीच्या आसपासच्या माणसांचा मोठा वाटा आहे.

टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला पाठवलेला निरोप. पिट्युटरी ही प्रोजेक्ट मॅनेजर समजा. काम होत नाही तसतसे मेल वाढत जातात. मेल मोजा, काम किती रखडलंय ते कळतं. पण रक्तात हे इतकं सूक्ष्म असतं की मोजायचं कसं? न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1960 च्या आसपास रेडिओइम्युनोअ‍ॅसे नावाची पद्धत शोधली. किरणोत्सारी आयोडीनची खूण लावायची आणि अब्जांश ग्रॅमांतलं प्रमाण मोजायचं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. आमच्या भाषेत, ओपन सोर्स केलं. 1977 मध्ये यॅलोबाईंना नोबेल मिळालं, बर्सन त्याआधीच गेले होते.

किरणोत्सारी आयोडीन लागतं म्हटल्यावर अणुभट्टी आली. खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेला 'अप्सरा' 1956 मध्ये सुरू झाली होती. 1963 मध्ये, पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र झालेल्या संस्थेच्या छत्राखाली परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारात, रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉईड हा त्यांचा पहिल्यापासूनचा मुख्य विषय. याच संस्थेत 1980 नंतर काम करणारे ए. वेलुमणी यांनी थायरॉईडच्या जैवरसायनशास्त्रात पीएचडी केली, सरकारी नोकरी सोडली आणि 1996 मध्ये भायखळ्याच्या एका छोट्या जागेत थायरोकेअर काढली. पुढे ती नवी मुंबईला तुर्भ्याला गेली. गावोगावहून नमुने एका ठिकाणी आणायचे, मशीन रात्रभर चालू ठेवायची आणि दर पाडायचा, असा तो हिशोब. तपासणी स्वस्त झाली आणि डोंबिवलीच्या गल्लीबोळात पोचली.

स्वस्त तपासणीचा एक परिणाम असा झाला की ज्यांना पूर्वी कधी कळलंच नसतं त्यांनाही कळलं. 2013 मध्ये मुंबईसह आठ शहरांतल्या 5,376 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ 11 टक्के लोकांना हायपोथायरॉईडिझम निघाला. आपल्या लोकलच्या डब्यात गर्दीच्या वेळी असे किती जण उभे असतील याचा अंदाज तुम्हीच करा. दुसरा परिणाम असा की वजन वाढलं, टीएसएच 6 आला, की माणूस निश्चिंत होतो. जसा मी झाले. पण यातला कार्यकारणभाव कधीकधी उलटा असतो. वजन वाढलेल्या माणसात टीएसएच आपोआप थोडा वर सरकतो आणि वजन उतरलं की खाली येतो. हे कळल्यावर मला फारच वाईट वाटलं होतं. :)

मिठाबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा. कारण कल्याणच्या एका जिममधल्या ट्रेनरने मला ऐकवलं होतं की आयोडीनच्या मिठानेच थायरॉईड होतो, गुलाबी सैंधव सुरू करा, दोन महिन्यांत फरक. पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड-भांडुपवरून जाताना जी मिठागरं दिसतात, त्यांतल्या खडे मिठात आयोडीन नावापुरतं असतं. समुद्रातून आलं म्हणून भरपूर असेल हा भ्रम आहे. सैंधवातही तेच. आपल्या किनारपट्टीला मासळीने हात दिला. डोंगरांत तसं नव्हतं. हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडाची, आणि आपल्याकडे औरंगाबाद जिल्ह्यातही हा प्रश्न होता. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात सुमारे लाखभर वस्तीचे तीन विभाग केले. दोघांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधं. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड झपाट्याने घटला, साध्या मिठाचा विभाग होता तिथेच. त्यावरून 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या विक्रीवर 1998 मध्ये देशभर बंदी आली, 2000 मध्ये 'लोकांवर सक्ती नको' म्हणून उठली, 2006 मध्ये परत आली. मुलं मतिमंद जन्मू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप आहे. माझ्यासारख्या शहरी बाईची थायरॉईड बहुतेक वेळा आयोडीनअभावी बंद पडत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने 1912 मध्ये असे चार रुग्ण वर्णन केले, तेव्हापासून त्याचंच नाव. त्यात मीठ बदलून ना वजन उतरत, ना ग्रंथी सुधारत. ट्रेनरला मी हे सांगितलं नाही. जिम सोडली.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

गलच्या त्या निबंधाबद्दल आणि पुढच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचताना एक लक्षण सापडलं: भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो. दुसरं, थंडी सहन होत नाही. तिसरं, आवाज घोगरा होतो. कल्याणला पारनाक्यावरच्या मामाच्या घरात आजीचा एक फोटो आहे, 1974 सालचा, मामाच्या मुंजीतला. मे महिना. सगळे घामाने निथळताहेत आणि आजीच्या अंगावर शाल. चेहरा गोल, पापण्या सुजलेल्या. लहानपणापासून तो फोटो मी बघते आहे. आजी 1979 मध्ये गेली, मी तिला बघितलेलं नाही. मला ती माहीत आहे ती घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतून. सुस्त होती. बसली की उठायची नाही. खायची काही नाही म्हणायची पण मग एवढी सुटली कशी. दुपारी पोळ्या लाटता लाटता झोपायची, आणि आजोबा चिडायचे.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा फोटो भिंतीवरून काढून खिडकीपाशी नेला. भुवया निम्म्याच आहेत.

फोटोवरून निदान होत नाही, मला माहीत आहे. वयानेही भुवया विरळ होतात. आईला विचारलं, आजीचा आवाज कसा होता गं? आई म्हणाली, "जाड. पुरुषासारखा. आम्ही नक्कल करायचो." मग थोडा वेळ गप्प बसली. आईला स्वतःला 1994 पासून गोळी चालू आहे.

1974 मध्ये मरेच्या इंजेक्शनला 83 वर्षं झाली होती. कृत्रिम थायरॉक्झिनची गोळी निघून 25. परळचं सेंटर सुरू होऊन 11. कल्याणहून परळ म्हणजे त्याच मध्य रेल्वेच्या रुळांवर सव्वा तास. आजोबा व्हीटीला कामाला होते, रोज परळवरून जायचे.

आईने फोटो पदराने पुसला आणि परत लावायला मामाकडे दिला. म्हणाली, "तिला आम्ही भाताला हात लावू द्यायचो नाही रे. जाडी वाढेल म्हणून."